रिग यार्डात रखडली, माल बुटीबोरीत अडकला: वर्कशॉपवाल्यांनी काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

नागपूरजवळच्या हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वरच्या वर्कशॉपमधून समुद्रात तेल-वायूच्या विहिरी खोदणाऱ्या रिगसाठी स्किड (यंत्रं बसवायची पोलादी चौकट), पाइप स्पूल (आधीच जोडून तयार केलेला पाइपचा तुकडा), शिड्या-प्लॅटफॉर्म, केबल ट्रे, पॅनेल असा माल जाऊ शकतो. ऑर्डर बहुतेक वेळा रिगच्या मालकाची नसते आणि रिग जिथे दुरुस्तीला येते त्या यार्डाचीही नसते. ती यार्डाच्या ठेकेदाराची, कधी त्याच्याही खालच्या ठेकेदाराची असते. आणि चूक पुन्हा पुन्हा तीच होते. पीओवर (खरेदी ऑर्डरवर) लिहिलेली रिग येण्याची तारीख खरी मानून जॉब रात्रंदिवस उरकला जातो, रंगवून उभा केला जातो, आणि मग मेल येतो: रिग अजून विहिरीवर आहे, पंधरा दिवस थांबा. पंधराचे साठ होतात. तोवर पैसा अडकलेला, शेड अडलेली, आणि बँक गॅरंटी संपत आलेली.

रिगच्या तारखेवर आपला काहीच ताबा नाही. तेव्हा आपली तारीख आणि आपले पैसे तिच्यापासून कागदावर वेगळे काढायचे, आणि हे काम पीओ घेण्याआधी सुरू करायचं. पुढचा क्रम त्यासाठी आहे.

टप्पा १: कोट देण्याआधी उशीर कुठून येणार ते ओळखा

'यार्डवाले ढिले आहेत' एवढ्यावर थांबू नका. रिगच्या अपग्रेडला उशीर ठरावीक ठिकाणीच होतो.

पहिला उशीर रिग यार्डात पोहोचण्याआधीच झालेला असतो. सुरू असलेली विहीर लांबली की रिग सुटत नाही. जॅक-अप रिग (समुद्रतळावर पाय रोवून उभी राहणारी) पाय वर घेऊन ओढत न्यायची तर समुद्र शांत लागतो, म्हणून पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्याच्या तोंडाशी हुकलेली तारीख सरळ ऑक्टोबरवर जाऊ शकते. डॉकमधली ठरलेली जागा हुकली, तर तिथे तोवर दुसरं जहाज उभं राहतं.

दुसरा उशीर ग्रिट ब्लास्टिंगनंतरचा. जुना रंग उडाला की गंजलेली प्लेट दिसते, जाडी मोजली जाते, आणि क्लास सर्व्हेअर (जहाजं-रिग तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा तपासनीस) आणखी स्टील बदलायला सांगतो. हे काम मूळ यादीत नसतं. मग दर कोण देणार यावर यार्ड आणि मालकाची घासाघीस सुरू होते. तिसरा उशीर बीओपी (विहिरीतला उसळता दाब रोखणारा व्हॉल्व्हचा संच), टॉप ड्राइव्ह (ड्रिल पाइप फिरवणारं यंत्र), क्रेन, मोठे ड्राइव्ह पॅनेल अशा बाहेरून येणाऱ्या वस्तूंचा. चौथा शेवटचा, आणि तोच लोक विसरतात: सगळं बसवून झाल्यावर चाचणीत काहीतरी नापास होतं.

प्रमाण कळावं म्हणून एक उदाहरण. मुंबई हायची पहिली विहीर खोदणाऱ्या 'सागर सम्राट'चं उत्पादन-रिगमध्ये रूपांतर करायचं कंत्राट २०११ मध्ये दिलं गेलं. ती कामाला लागली डिसेंबर २०२२ मध्ये.

कोट देण्याआधी ठेकेदाराला विचारा: रिग आत्ता कुठे आहे? चालू काम कधी संपतं? डॉकची जागा पक्की झाली आहे की फक्त बोलणी आहेत? आणि आपला माल यार्डाच्या कामात नेमका कधी लागतो? यार्डातला क्रम ढोबळमानाने असा: टाक्यांची सफाई आणि गॅस-फ्री (आतला ज्वलनशील वायू काढणं), जुनं काढणं, ब्लास्टिंग आणि जाडी मोजणं, स्टील बदलणं, फाउंडेशन, पाइपिंग, केबल, मग चाचण्या. स्किडचं फाउंडेशन मधे येतं, पॅनेल शेवटाकडे. सगळ्या मालाला एकच तारीख दिली असेल, तर ती तारीख देणाऱ्याने यार्डाचं शेड्यूल पाहिलेलंच नाही असं समजा.

*तपासा:* मोठा स्किड डेकखाली जाणार असेल, तर त्यासाठी कापलेली वाट यार्ड कधी बंद करणार, हे लेखी विचारा. ही एकच तारीख अशी आहे की जिच्यासाठी खरोखर धावायचं.

टप्पा २: पीओची कलमं, सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

आपल्याकडे पीओ आला की आधी पेढे, मग वाचन. वाचायला घेतलं तरी नजर दरावर आणि डिलिव्हरीवर. पैसे अडकतात ते पुढच्या कलमांमुळे.

*डिलिव्हरी कशाला म्हणायचं.* 'यार्डात पोहोच' असं लिहिलं असेल, तर यार्डाने गेट उघडेपर्यंत डिलिव्हरी नाही. त्याऐवजी 'एक्स-वर्क्स बुटीबोरी' (आपल्या वर्कशॉपच्या दारात माल दिला की डिलिव्हरी झाली) मागा. ते जमलं नाही तर निदान 'रेडिनेस नोटीस' घालून घ्या: अंतिम तपासणी झाली, आम्ही माल तयार असल्याचं लेखी कळवलं, की त्या तारखेला आमची मुदत पाळली गेली. वस्तू विक्री अधिनियम १९३० च्या कलम ४४ प्रमाणे, माल घेऊन जा असं सांगूनही खरेदीदाराने वाजवी वेळेत उचलला नाही, तर झालेलं नुकसान आणि सांभाळण्याचा वाजवी खर्च त्याच्यावर येतो. पण 'वाजवी' म्हणजे किती यावर वाद घालत बसण्यापेक्षा दिवस आणि दर आधीच लिहिलेले बरे. उदाहरणार्थ, पहिले ३० दिवस मोफत, पुढे दर आठवड्याला ठरलेली रक्कम.

*पैशाचे हप्ते.* '९० टक्के माल यार्डात उतरल्यावर' हे आपल्या धंद्याला फाशी आहे. पीओवर काही, मटेरियल आल्यावर काही, तपासणी होऊन रेडिनेस नोटीस गेल्यावर मोठा हिस्सा, आणि उरलेला रवानगीनंतर, असं तोडून घ्या. तपासणीवरचा हप्ता ॲडव्हान्स म्हणून घेतला तर आणखी एक फायदा: वस्तूंच्या पुरवठ्याच्या ॲडव्हान्सवर तो मिळाला त्या वेळी जीएसटी भरावा लागत नाही, बिल काढल्यावर लागतो. ठेकेदार त्या बदल्यात बँक गॅरंटी मागेल. तिचं कमिशन कोटमध्ये धरा.

*एलडी.* म्हणजे उशिराची कपात. आठवड्याला अर्धा टक्का आणि कमाल पाच किंवा दहा टक्के हे नेहमीचं. ते मान्य करायला हरकत नाही, पण एक ओळ हवीच: खरेदीदार, यार्ड किंवा रिगमुळे गेलेले दिवस यात धरायचे नाहीत.

*वॉरंटी.* 'चालू केल्यापासून १२ महिने' एवढंच असेल तर सही करू नका. रिग दोन वर्षांनी चालू झाली तर आपली वॉरंटी तिसऱ्या वर्षी संपेल. 'चालू केल्यापासून १२ किंवा तयार असल्याच्या तारखेपासून १८ महिने, यांतलं जे आधी' असं लिहून घ्या. ठेकेदार 'रवानगीपासून १८' म्हणेल. रवानगीच थांबली तर ते १८ महिनेही सुरू होत नाहीत, म्हणून शब्द बघा.

*बँक गॅरंटीची मुदतवाढ.* आपल्या चुकीशिवाय वाढवावी लागली तर खर्च कोणाचा, हे लिहा.

*सावधान:* 'मालकाकडून पैसे आले की तुम्हाला देऊ' हे कलम हमखास असतं. आपण सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेलो असू, तर एमएसएमईडी कायदा २००६ प्रमाणे माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडची मुदत करारानेही ठरवता येत नाही. मुदत लिहिलीच नसेल तर १५ दिवस. उद्यम नोंदणी पीओच्या तारखेआधीची हवी. नंतरच्या नोंदणीवर कोर्टात वाद होतात, ते आपल्या अंगावर कशाला घ्यायचे?

टप्पा ३: मोजमाप आणि ड्रॉइंग

रिग जुनी असते, तिच्यावर वर्षानुवर्षं दुरुस्त्या झालेल्या असतात, आणि ड्रॉइंग मूळ बांधणीच्या वेळचं असतं. त्यावरून कापलेला स्पूल बसत नाही. रिगवर जाऊन मोजता येत नसेल तर दोन गोष्टी करा: ज्या टोकाला यार्डात वेल्डिंग होणार तिथे १०० ते १५० मिलिमीटर जास्तीची लांबी ठेवा, आणि 'प्रत्यक्ष मापाची जबाबदारी खरेदीदाराची' हे ड्रॉइंगच्या मंजुरीवरच लिहून घ्या. क्लासची मंजुरी लागणारी ड्रॉइंगं पाठवल्याची आणि परत आल्याची तारीख वहीत नोंदवा. तिथे गेलेले दिवस एलडीच्या हिशेबात कामी येतात.

टप्पा ४: मटेरियल आणि तपासणीचा क्रम

इथली ठरलेली चूक म्हणजे लोकल मार्केटमधून आयएस २०६२ ची (साध्या स्ट्रक्चरल स्टीलची) प्लेट उचलणं. स्ट्रक्चरल कामाला पीओत एएच३६ किंवा डीएच३६ (जहाजबांधणीच्या स्टीलचे ग्रेड) लिहिलेलं असेल, तर प्लेट क्लासने मान्य केलेल्या मिलची आणि क्लासच्या सर्टिफिकेटसह हवी. ताकद सारखी आहे म्हणून चालत नाही. सर्टिफिकेट ३.१ चं (मिलचं स्वतःचं) हवं की ३.२ चं हेही आधी बघा. ३.२ ला तिसऱ्या पक्षाची सही लागते, आणि माल घरी आल्यावर ती मागे जाऊन आणता येत नाही.

प्लेट कापण्याआधी प्रत्येक तुकड्यावर हीट नंबर (ते स्टील ज्या ओतणीतलं तिचा क्रमांक) पंच करून घ्या. हे ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण बघा: सहा मीटरच्या प्लेटच्या एका कोपऱ्यात मिलचा शिक्का आहे. गॅस कटरने आधी तो कोपराच कापला आणि तुकडा भंगारात गेला. उरलेली अख्खी प्लेट आता कुठल्या हीटची, हे कोणालाही सिद्ध करता येत नाही. टीपीआयवाला (त्रयस्थ तपासनीस) ती नाकारणार, आणि त्याचं बरोबरच आहे.

त्यानंतरचा क्रम: फिट-अपची तपासणी, वेल्डिंग, एनडीटी (न तोडता केलेली वेल्डची तपासणी), हायड्रो (पाण्याच्या दाबाची) किंवा लोड टेस्ट, मापं, मग ब्लास्टिंग आणि रंग. क्यूएपीतल्या (गुणवत्ता तपासणीच्या आराखड्यातल्या) होल्ड पॉइंटला इन्स्पेक्टर आल्याशिवाय पुढे जायचं नाही. रंग आधी मारून 'साहेब, आतून सगळं ओके आहे' म्हणणाऱ्याला तो रंग खरवडून काढावा लागतो.

हॅझार्डस एरियात (स्फोटक वायू असू शकेल अशा जागी) बसणारे पॅनेल आणि जंक्शन बॉक्स असतील तर वेगळी काळजी घ्या. पेसोचं (स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्र सरकारची संस्था) मुख्यालय नागपुरात आहे म्हणून तिथलं काम 'करून घेऊ' असं गृहीत धरू नका. आधी रिगमालकाला कोणतं प्रमाणपत्र चालतं ते लेखी घ्या: पेसो, आयईसीईएक्स (आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र) की दोन्ही. आणि प्रमाणित फ्लेमप्रूफ बॉक्सला शॉपफ्लोअरवर ड्रिल लावून जास्तीचं ग्लँडचं भोक पाडलं, की ते प्रमाणपत्र गेलं.

टप्पा ५: सगळा माल एकदम बनवू नका

हा टप्पा कोणी करत नाही, आणि माझ्या मते निम्मा तोटा इथेच वाचतो. जॉबचे तीन गट पाडा. ज्याचं मटेरियल मिळायला वेळ लागतो त्याची खरेदी लगेच. जे यार्डात लवकर लागतं ते फॅब्रिकेशनला. आणि जे शेवटाकडे लागतं, किंवा ठेवून खराब होतं, ते रिग यार्डात बांधली गेल्याचं कळल्यावर. रिग यार्डात आली का हे ठेकेदाराला विचारत बसण्याची गरज नाही. जहाजांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर ओढणाऱ्या टगचं नाव टाका, अंदाज येतो.

अंतिम रंगही शक्य असेल तर मागे ठेवा. प्रायमरवर पुढचा कोट किती दिवसांत मारायचा याची मर्यादा डेटाशीटवर असते. ती ओलांडली की पुन्हा घासणं आलं. मे महिन्यात ४५ अंशांत दोन डब्यांचा इपॉक्सी मिसळला तर डेटाशीटवरचा वापरण्याचा वेळ मिळतच नाही, तेव्हा पहाटे किंवा रात्री मारा. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत आणि स्टीलचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी जास्त, हे दोन्ही आकडे रंगाच्या रिपोर्टवर हवेत.

टप्पा ६: 'थांबा' असा मेल आला की दोन दिवसांत उत्तर

बहुतेक वेळा मेलसुद्धा येत नाही, फोन येतो. 'भाऊ, थोडं होल्ड करा ना.' आपण म्हणतो, 'हो साहेब, काही हरकत नाही.' तिथेच केस संपते. पुढे त्याच ठेकेदाराच्या अकाउंट्समध्ये नवीन माणूस येतो आणि आपल्याच उशिराचा एलडी कापतो.

फोन ठेवल्यावर मेल टाका. मजकूर साधारण असा: 'आजच्या फोनवरच्या बोलण्यानुसार आपण रवानगी थांबवायला सांगितलं आहे. स्किडची अंतिम तपासणी अमुक तारखेला होऊन रिलीज नोट मिळाली आहे. माल रवानगीस तयार आहे. थांबलेले दिवस डिलिव्हरीच्या मुदतीत धरू नयेत व त्यांवर एलडी लागू नये. साठवण आणि जपणुकीचा खर्च अमुक कलमाप्रमाणे अमुक तारखेपासून लागू होईल. रवानगी पुन्हा सुरू करण्यासाठी १० दिवसांची पूर्वसूचना द्यावी.' सोबत रिलीज नोट (तपासणीवाल्याचा मंजुरीचा कागद), नेमप्लेटचा फोटो, आणि शेडमध्ये उभ्या मालाचा तारखेसह फोटो.

माल अर्धवट असेल तर मजकूर बदला: किती काम झालं, कोणतं मटेरियल पडून आहे, कोणत्या टप्प्यावर थांबलो. तपासणीवाल्याकडून त्या टप्प्याचा रिपोर्ट लगेच घ्या. सहा महिन्यांनी तो इन्स्पेक्टर दुसरीकडे असतो.

*सावधान:* यार्डाला घाई करायला लावणारे मेल लिहू नका, त्याचा उपयोग नाही. गॅस-फ्री आणि हॉट वर्कच्या परवानग्या कोणी उगीच लावत नाही. १३ फेब्रुवारी २०१८ ला कोचीनच्या यार्डात दुरुस्तीसाठी आलेल्या 'सागर भूषण' ड्रिलशिपवर स्फोट झाला, पाच माणसं गेली. आपल्याला दिवस मोजून हवेत, यार्ड हलवायचं नाही.

टप्पा ७: थांबलेल्या मालाची जपणूक

ताडपत्री टाकली म्हणजे जपणूक झाली असं नाही. ताडपत्रीखाली दुपारी वाफ आणि रात्री पाणी, मशीन केलेल्या फेसवर आठवड्याभरात तांबूस थर.

- फ्लँजचे फेस आणि मशीन केलेले भाग: गंजरोधक तेल किंवा ग्रीस, वर व्हीसीआय (गंज रोखणारी) फिल्म, मग ब्लाइंड. नुसतं लाकडी झाकण नको, लाकूड पाणी धरतं.
- हायड्रो झालेले स्पूल: पूर्ण कोरडे करून टोकं बंद. महत्त्वाच्या लाइनला आत नायट्रोजन भरून प्रेशर गेज लावा आणि दर सोमवारी वाचा.
- मोटर आणि पॅनेल: स्पेस हीटर चालू ठेवा, सिलिका जेल बदला, महिन्यातून एकदा मेगर (इन्सुलेशनची चाचणी) करून आकडा लिहा. पंप आणि मोटरचे शाफ्ट हाताने फिरवा, बेअरिंग एकाच जागी बसू देऊ नका.
- ओ-रिंग, गॅस्केट, होज: यांना बनवल्याच्या तारखेपासून आयुष्य असतं. शेवटी बसवा.

या सगळ्याची एक वही करा, सहीसकट. साठवणीचं बिल नाकारलं गेलं तर पुरावा तीच.

तारखा संपणाऱ्या गोष्टींची वेगळी यादी भिंतीवर लावा: प्रेशर गेजचं कॅलिब्रेशन, वेल्डरचं क्वालिफिकेशन, स्लिंग-शॅकलचं प्रमाणपत्र, बँक गॅरंटी. आणि विमा. ट्रान्झिटचा विमा शेडमध्ये पडून असलेल्या मालाला लागत नाही. फायर पॉलिसीतला स्टॉकचा आकडा वाढवून घ्या.

टप्पा ८: बिल आणि रवानगी

माल हलण्याआधी बिल काढून ठेवायचा मोह आवरा. बिल काढलं की त्या महिन्याचा जीएसटी आपण खिशातून भरायचा, आणि माल मिळाल्याशिवाय ठेकेदाराला इनपुट क्रेडिट मिळत नाही, म्हणून तो बिल बाजूला सारतो. शिवाय १ जानेवारी २०२५ पासून १८० दिवसांपेक्षा जुन्या कागदावर ई-वे बिल निघत नाही. तयार करून ठेवलेलं बिल रवानगीच्या दिवशी रद्दी ठरू शकतं.

ई-वे बिलाची मुदत साध्या मालाला २०० किलोमीटरमागे एक दिवस, ओव्हर-डायमेन्शनल (ओडीसी, म्हणजे ठरलेल्या मापाहून मोठ्या) मालाला २० किलोमीटरमागे एक दिवस. मुंबईकडचं यार्ड ८०० किलोमीटर धरलं तर अनुक्रमे ४ आणि ४० दिवस. वाहनाचा प्रकार टाकताना ओडीसीची खूण विसरली की ट्रेलर वाटेतच मुदतबाह्य. मुदत वाढवायची असेल तर संपण्याआधीचे ८ तास आणि नंतरचे ८ तास, एवढीच खिडकी आहे. आणि यार्डाचा गेटपास हातात आल्याशिवाय ट्रेलर सोडू नका. गेटवर उभ्या ट्रेलरचा हॉल्टिंग चार्ज कोणी देत नाही.

पोहोच घेताना पावतीवर तारीख, शिक्का आणि सही स्पष्ट हवी. पुढचा सगळा हिशेब त्या तारखेपासून.

टप्पा ९: पैसे

माल पोहोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर पोहोचल्याच्या दिवशीच माल स्वीकारला असं एमएसएमईडी कायदा धरतो. 'रिगवर बसवून चाचणी झाल्यावर बघू' ही हरकत नव्हे. म्हणून सोळाव्या दिवशी एक मेल: हरकत आलेली नाही, पैसे अमुक तारखेला देय. देय तारीख उलटली की दुसरा: रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज सुरू.

पुष्कळ जण हा मेल पाठवत नाहीत, पुढची ऑर्डर जाईल म्हणून. माझं मत वेगळं आहे. व्याजाचा मेल मिळाल्यावर ठेकेदाराचा सीए जागा होतो, कारण सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं मुदतीत न दिलेलं देणं त्या वर्षी खर्च म्हणून वजा करता येत नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पाठवलेला मेल सगळ्यात चांगला लागू पडतो. ठेकेदाराची उलाढाल २५० कोटींवर असेल तर त्याला ट्रेड्सवर (लघु उद्योगांची बिलं वटवायच्या ऑनलाइन मंचावर) नोंदणी बंधनकारक आहे. तिथे त्याने बिल मान्य केलं, की सूट कापून पैसे आधी मिळतात. तगादा लावण्यापेक्षा ती सूट स्वस्त पडते का, हे आकडा मांडून बघा. बँकाही साधारण ९० दिवसांवरचं येणं ड्रॉइंग पॉवरमध्ये (कर्जखात्यातून उचलता येणाऱ्या रकमेत) धरत नाहीत, तो फटका त्यात मिळवा.

एवढं करूनही पैसे आले नाहीत तर सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषद. ठेकेदार मुंबईचा किंवा कोचीचा असला तरी पुरवठादार जिथला, तिथल्या परिषदेला अधिकार आहे, म्हणजे आपल्याला तिकडे खेटे घालावे लागत नाहीत. आधी समेटाचा प्रयत्न होतो, नाही जमलं तर लवादाची प्रक्रिया. निकाल विरोधात गेला आणि खरेदीदाराला तो कोर्टात आव्हान द्यायचा असेल, तर त्याला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते.

अर्ज ऑनलाइन होतो. सोबत जोडायचं: उद्यम प्रमाणपत्र, पीओ आणि त्यातल्या सगळ्या दुरुस्त्या, रिलीज नोट, रेडिनेस नोटीस, 'थांबा' मेल आणि त्याचं आपलं उत्तर, ई-वे बिल, शिक्क्याची पोहोच, बिल, सोळाव्या दिवसाचा मेल आणि व्याजाचा तक्ता. साठवणीचा खर्च मागणार असाल तर जपणुकीची वही मूळ प्रतीत जपून ठेवा, अर्जासोबत फक्त झेरॉक्स द्या.